राजाभाऊंचा जमाखर्च

माझे वडील आर्वीला शाळामास्तर होते. सिनेमा म्हणजे पैशाचा धूर, असे त्यांचे ठाम मत. तरी एकदा त्यांनी आम्हा सर्वांना आर्वीच्या छोट्या गाडीत बसवून पुलगावला आणि तेथून वर्ध्याला नेले, ते ‘ऊन पाऊस’ दाखवायला. चित्रपट एका मास्तरावर आहे, एवढे कारण त्यांना पुरले. परतताना आई डोळे पुसत होती. वडील मात्र घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आईचे रडणे मला तेव्हाच कळले. वडिलांचे मौन कळायला स्वतः म्हातारे व्हावे लागले.

या चित्रपटाचे दिग्दर्शक राजा परांजपे (१९१०–१९७९). माडगूळकरांची लेखणी, सुधीर फडक्यांचे संगीत आणि राजाभाऊंचे दिग्दर्शन, असे हे त्रिकूट. पहिल्या दोघांची गाणी घरोघर राहिली. तिसऱ्याचे नाव मात्र आज दिवाळीच्या फराळाला जमलेल्या नातवंडांना विचारावे, तर ती एकमेकांकडे पाहतात.

राजाभाऊ म्हणजे विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक, असे पुष्कळांना वाटते. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ यांनी महाराष्ट्राला खळखळून हसवले, हे खरेच. पण दोनच वर्षांनी, १९५४ साली, याच माणसाने ‘ऊन पाऊस’ काढला. मला वाटते, हा बदल नव्हताच. ‘लाखाची गोष्ट’मध्ये कफल्लक तरुणाला ठरल्या मुदतीत लाख रुपये उधळून दाखवायचे असतात, ‘ऊन पाऊस’मध्ये आयुष्यभर विद्या वाटलेल्या मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीला पोटच्या मुलांत वाटून घेतले जाते. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मधल्या भटक्याजवळ तर खिसाही नाही आणि घरही नाही. माणसाची किंमत त्याच्या खिशावरून ठरते काय, हाच प्रश्न राजाभाऊ कधी हसत विचारतात, कधी रडवत. एकाच चोपडीची जमेची बाजू आणि खर्चाची बाजू!

सगळेच या चोपडीत बसत नाही. ‘पाठलाग’ (१९६४) हा निव्वळ रहस्याचा खेळ. दोन वर्षांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. पण माझे मन रमते ते मास्तरांपाशी. ती भूमिका राजाभाऊंनी स्वतः केली, तेव्हा त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस. ते म्हातारपण केवळ रंगभूषेतले नव्हे. आपल्याच मुलाच्या घरात वावरण्याच्या संकोचातले आहे.

अलीकडे तो चित्रपट मी नागपुरात, मुलाच्या घरी पुन्हा पाहिला. सून शेजारी बसली होती. शेवटी ती म्हणाली, “मामाजी, त्यातल्या सुनांची बाजू कोणी ऐकली का?”

मी निरुत्तर झालो. दोष खरा आहे. राजाभाऊंनी सारी माया म्हाताऱ्यांना दिली आणि तरुणांच्या पदरात फक्त अपराध टाकला. दोन खोल्यांत चार माणसे राहतात, तेव्हा अपराध इतका सरळ वाटून देता येत नाही. पण चित्रपट खोटा असता, तर तिने तो प्रश्न तरी विचारला असता काय?

वडिलांचे मौन मला त्या रात्री आठवले. ते पडद्यावर मास्तरांना पाहत नव्हते. आम्हा भावंडांना मोजत होते.