पदनाम कोशानंतरची राजभाषा मराठी : घडविलेल्या भाषेचे व्याकरण

प्रस्तावना :
महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६२ मध्ये 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. त्यावरील टीकेचा रोख प्रामुख्याने संस्कृतप्रचुर शब्दांवर होता. घडविलेला शब्द वाक्यात कसा चालेल, हा व्याकरणाचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला.

विवेचन :
शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'चा अनुभव बोलका आहे. 'सचिव', 'अमात्य' ही नावे टिकली. परंतु 'मुख्यप्रधान' असतानाही 'पेशवा' हाच शब्द रूढ राहिला. कोश शब्द सुचवितो, निवाडा वापर करतो.

व्याकरणातही हेच घडते. 'जिल्हाधिकारी' या पदात अरबी मूळच्या 'जिल्हा' शब्दाला संस्कृत संधिनियम लागला आहे. त्याचे सामान्यरूप 'जिल्हाधिकाऱ्या-' मात्र अस्सल मराठी वळणाचे आहे. वऱ्हाडी बोलीत त्याच पदाला 'ले' प्रत्यय लागतो. लोणार तालुक्यातील सुलतानपूरच्या नावात अरबी 'सुलतान' व संस्कृत 'पूर' जसे एकत्र नांदतात, तसेच 'सरपंच' या पदात फारसी 'सर' व देशी 'पंच'.

खरी कसोटी लिंगाची आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतींतील महिला आरक्षण ५० टक्के केले. पाटलीण, देशमुखीण या रूपांत 'ईण' प्रत्यय परंपरेने पत्नीत्व दर्शवितो. त्यामुळे तो स्वतः पद धारण करणाऱ्या स्त्रीसाठी अपुरा ठरला. भाषेने नामाला हात न लावता क्रियापद बदलले : 'सरपंच आल्या', 'जिल्हाधिकारी म्हणाल्या'. पदनामांची यादी हे सांगू शकत नव्हती.

एस्पेरांतोचा दाखला येथे उद्बोधक आहे. तिचा १९०५ चा मूलाधारग्रंथ अपरिवर्तनीय मानला जातो. तरीही प्रारंभी पुरुषवाचक समजली जाणारी अनेक व्यवसायनामे पुढे वापरातून उभयलिंगी झाली.

निष्कर्ष :
कोशाची मर्यादा शब्दांच्या काठिण्याहून अधिक त्याच्या यादीस्वरूपात आहे. पुढील आवृत्त्यांत पदनामासोबत सामान्यरूप, लिंग व वाक्यातील उपयोग नोंदविणे अगत्याचे आहे. 'सरपंच आल्या' या वाक्यात स्त्रीची सत्ता व्याकरणाने मान्य केली आहे; त्याच काळात रूढ झालेला 'सरपंचपती' हा शब्द मात्र समाजाने ती अद्याप पूर्णतः मान्य केलेली नाही, याची साक्ष देतो. या दोन्ही रूपांची नोंद घेतल्याशिवाय राजभाषेचा अभ्यास अपुराच राहील.