अशिमाच्या पत्त्यांच्या वह्या

झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. ती प्रथम वाचली तेव्हा मला ती नावाची गोष्ट वाटली होती. अलीकडे पुन्हा वाचताना ते मत मला बदलावे लागले.

कथानक अनेकांना ठाऊक असेल. १९६८ साली बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये गांगुली दांपत्याला मुलगा होतो. अशिमाच्या आजीने कोलकात्याहून नाव कळवलेले पत्र टपालात हरवते. जन्मदाखल्यासाठी नाव तर हवेच, म्हणून अशोक ‘गोगोल’ हे नाव देतो. तरुणपणी रेल्वे अपघातात गोगोलच्या कथांच्या पुस्तकामुळे त्याचा जीव वाचलेला असतो.

मराठी वाचकाला यातली मेख लगेच कळते. पाळण्यातले नाव एक आणि घरात बाळू किंवा बेबी, हे आपल्याकडेही आहेच. बंगाल्यांत या दोन नावांना ‘भालोनाम’ आणि ‘डाकनाम’ म्हणतात. इथे उंबऱ्याच्या आत राहायचे नाव सरकारी कागदावर चढते आणि घोटाळा होतो. शाळेत ‘निखिल’ म्हटले तर लहानगा ओ देत नाही, आणि अठराव्या वर्षी तोच रीतसर निखिल होतो. खुद्द लेखिकेचेही ‘झुंपा’ हे घरातलेच नाव. शिक्षिकेला सोपे वाटले म्हणून ते कायम झाले.

पण कादंबरी सुरू होते ती अशिमापासून. दिवस भरत आलेली ही बाई स्वयंपाकघरात अमेरिकन कुरमुरे, शेंगदाणे आणि कांदा कालवून कोलकात्याच्या झालमुरीची चव शोधते आहे. भादुरीची गांगुली ती लग्नातच झाली, आणि पाठोपाठ देशही सुटला. तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहिणाऱ्या आपल्या समाजाला ही पहिली स्थलांतरे स्थलांतरे वाटत नाहीत. मुलाला नाव बदलायला न्यायालय आहे. आईच्या बदलाची कुणी दखलही घेत नाही.

अशिमाजवळ पत्त्यांच्या तीन वह्या आहेत. परमुलखात ज्या बंगाल्यांबरोबर भात खाल्ला, त्या सगळ्यांची नोंद त्यांत आहे. मला आता ही कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते. अशिमाने आपले गोत रक्ताने नव्हे, पंगतीने उभे केले. मात्र या गोताला कुंपणही आहे. ‘असीम’ असा अर्थ सांगणाऱ्या नावाची ही बाई वहीत बंगालीच तेवढे टिपून ठेवते. आणि ज्यांना ती कौतुकाने वाढते, त्यांच्यात बसायला तिची स्वतःची मुले कंटाळतात.

इथे लेखिकेने थांबायला हवे होते असे मला वाटते. त्याऐवजी रूथ, मॅक्सिन, मौशुमी अशा गोगोलच्या प्रेमप्रकरणांत कादंबरीचा मधला मोठा भाग जातो आणि अशिमा कडेला पडते. मीरा नायर यांच्या २००६ सालच्या चित्रपटात तोल आईवडिलांकडे झुकतो, तो मला अधिक न्याय्य वाटतो.

शेवटी विधवा अशिमा घर विकून सहा महिने भारतात, सहा महिने अमेरिकेत राहायचे ठरवते. तिला दोन्ही देश मिळाले, असा याचा गोड अर्थ लावता येईल. मला तो पटत नाही. तिचा देश म्हणजे त्या तीन वह्या. आणि त्या पुढे चालवणारे घरात कुणी नाही.

१९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर मराठी माणसेही तिथे गेली. त्यांनी मंडळे काढली, गणपती बसवले, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभारले. या संस्थाही एका अर्थाने पत्त्यांच्या वह्याच आहेत. मुलांची नावे मराठी राहतात का, ही काळजी आपण पुष्कळ करतो. वहीत मुले स्वतःच्या हाताने काही लिहितील का, आणि त्यांनी बिगरमराठी नाव लिहिले तर आपल्याला चालेल का, हे प्रश्न आपण टाळतो. गोगोलच्या नावापेक्षा ते अवघड आहेत.