मातीचे तट आणि नावांचा शोध : नगरधनच्या निमित्ताने

मराठीतील दुर्गविषयक लेखन सह्याद्रीच्या कातळावर उभे राहिले. दुर्ग म्हणजे डोंगर, दगडी तट आणि बुरूज ही कल्पना त्यातून इतकी रूढ झाली की, विदर्भाच्या मैदानातील मातीचे कोट व गढ्या दुर्गांच्या गणतीत क्वचितच येतात. रामटेक परिसराच्या अभ्यासात याहून गंभीर असा एक दोष आढळतो. तटबंदीचा काल तटबंदीच्या पुराव्यावरून न ठरवता स्थळाच्या नावावरून ठरविला जातो.

रामटेकच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेले नगरधन हेच वाकाटकांचे नंदिवर्धन, हे समीकरण वा. वि. मिराशी यांच्या लेखनामुळे सर्वपरिचित झाले. प्रभावतीगुप्तेचा पुणे ताम्रपट नंदिवर्धनाहून आणि ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामींच्या पादमूलाहून दिलेला आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग व डेक्कन कॉलेज यांनी नगरधन येथे केलेल्या उत्खननात खुद्द प्रभावतीगुप्तेच्या नावाचे मातीचे मुद्रांकन मिळाले. या शोधाचे मोल निर्विवाद आहे. तथापि, त्यातून सिद्ध होते ते वाकाटक राजसत्तेचे येथील अस्तित्व. आज उभा असलेला कोट भोसलेकालीन मानला जातो. त्याच्या पायाखाली जुना मातीचा बांध आहे काय, आणि असल्यास तो कोणी घातला, याचे उत्तर मुद्रांकन देऊ शकत नाही. ते उत्तर तटाचा आडवा छेद घेतल्यावरच मिळते. तरीही लोकप्रिय लेखनात ‘वाकाटकांचा किल्ला’ असा उल्लेख सहजपणे केला जातो. रामटेकच्या टेकडीवरील बाहेरच्या अनघड दगडी तटाचे श्रेय परंपरेने गवळ्यांना दिले जाते, तेही याच जातीचे. ‘गवळी’ हा शब्द येथे ‘फार जुना’ एवढ्याच अर्थाने वापरला जात असावा.

छेद घेतला तरी सावधगिरी हवी. खंदकातील माती उपसूनच बांध घातला जात असल्याने त्यात आधीच्या वस्तीची खापरे मिसळतात. बांधात वाकाटक खापर सापडले, तर बांध त्या खापराहून जुना नाही एवढेच म्हणता येते. तो हजार वर्षांनी अलीकडचाही असू शकेल. विदर्भात मातीच्या तटांची परंपरा किती मागे जाते, हे पवनी व अडम येथील उत्खननांवरून कळते. दोन्ही स्थळी मातीचा तट व खंदक असून दोन्ही वसाहती प्रारंभिक ऐतिहासिक काळातील आहेत. म्हणजे केवळ आकारावरून मध्ययुगीन आणि प्राचीन बांध वेगळे ओळखता येत नाहीत.

ब्रिटनमधील अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. १०६६ नंतर नॉर्मनांनी तेथे मातीचे उंच ढिगारे रचून त्यांवर लाकडी किल्ले उभारले. हेन डोमेन या अशाच एका किल्ल्याचे उत्खनन फिलिप बार्कर यांनी १९६० पासून अनेक वर्षे केले. मातीत उरलेल्या खांबांच्या खड्ड्यांवरून त्यांनी तेथील इमारतींची मांडणी उलगडली. मात्र असाच एक नॉर्मन समजला जाणारा मार्लबरोचा ढिगारा नवाश्मयुगीन असल्याचे २०११ मध्ये कार्बन कालमापनातून निष्पन्न झाले. यॉर्कशरमधील स्किप्सी येथील ढिगारा लोहयुगीन ठरला. नॉर्मनांनी आयत्या मिळालेल्या उंचीचा उपयोग करून घेतला होता. नगरधनला असे घडलेच नसेल, असे आज कोणत्या आधारावर म्हणावे?

आपल्याकडे हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. काळी आणि पांढरी हा भेद शेतकऱ्याला अभ्यासकाच्या आधीपासून ठाऊक आहे : काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गढ्या बहुधा याच पांढरीच्या उंचवट्यावर, पांढऱ्या मातीनेच बांधल्या गेल्या. ही माती खत म्हणून शेतात जाते, भिंती लिंपण्यासाठी नेली जाते. बहुसंख्य गढ्या कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत. ढासळलेला दगडी बुरूज निदान दगडांचा ढीग तरी मागे ठेवतो. बैलगाडीतून वाहून गेलेल्या बांधाचे थर पुन्हा रचता येत नाहीत. ताम्रपटातील नाव आणखी शंभर वर्षांनीही तसेच वाचता येईल.

अशा स्थितीत एखाद्या गढीची कड पावसाने वा कुदळीने उघडी पडली असेल, तर तेथील थरांचे रेखाटन करणे, खापरे थरानुसार वेगळी ठेवणे व वाळूच्या कणांवर अखेरचा सूर्यप्रकाश कधी पडला हे सांगणाऱ्या कालमापनासाठी नमुने घेणे ही कामे मोठ्या उत्खननाची वाट न पाहता करता येतील. रामटेक व मौदा तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना यातील पहिली दोन कामे, आवश्यक ती परवानगी घेऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली याच हिवाळ्यात हाती घेणे शक्य आहे.