पेशी म्हणजे विटा नव्हेत

शरीर ही इमारत, पेशी या विटा आणि मधे सिमेंट, ही उपमा आपले विज्ञानलेखक अजून सोडायला तयार नाहीत. मला ती सोयीची पण चुकीची वाटते. सिमेंट कोणालाही धरते आणि धरले की सोडत नाही. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज रेशमी जाळीतून पिळून पेशी सुट्या केल्या; त्या पाण्यात पुन्हा गोळा झाल्या, नवा स्पंज तयार झाला. पडक्या भिंतीच्या विटांकडून कोणी अशी अपेक्षा करील का? जपानचे ताकेइची यांनी शोधलेले कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशीवरील सहसा आपल्याच जातीच्या प्रथिनाला धरते, तेही कॅल्शियम असेल तरच. भोवतालच्या तंतूंना धरतात ती इंटेग्रिन निराळी.

इथे आलेल्या आईवडिलांना डॉक्टरांचे म्हणणे मराठीत सांगायची वेळ आपल्यावरच येते. गाठ काढली, मग कॅन्सर दुसरीकडे गेला कसा, असे ते विचारतात. ई-कॅडहेरिन कमी झाले की पेशी शेजार सोडू शकते, आणि दूर जाऊन रुजायला तिला पुन्हा काहीतरी धरावे लागते. आमचा सिमेंटवाला लेखक नेमका इथे गप्प!