खेळ चालतो, पण कोणाच्या परवानगीने?

विंडोजसाठी लिहिलेले व्हिडिओ गेम लिनक्सवर चालवणे हा विषय प्रथमदर्शनी पोरखेळ वाटेल. शिक्षकांच्या मासिकात त्याला जागा कशासाठी, असेही काही वाचक विचारतील. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. तेव्हापासून विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या, परंतु चांगल्या चालत्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न उभा आहे. त्यावर लिनक्सचा सल्ला दिला जातो. 'मग गेमचे काय?' ही विद्यार्थ्यांची ठरलेली शंका, आणि 'आता तेही चालतात' हे तिला मिळणारे ठरलेले उत्तर. हे उत्तर कितपत खरे, याची छाननी करण्याचा येथे विचार आहे.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. गेम म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञांची लांबलचक यादी. विंडोज असो की लिनक्स, संगणक तोच तर प्रोसेसरही तोच. त्यामुळे बेरीज, गुणाकार, तुलना अशा आज्ञा त्याला दोन्हीकडे सारख्याच कळतात. अडते ते दुसरीकडे. फाइल उघडणे, पडद्यावर चित्र काढणे, आवाज काढणे ही कामे गेम स्वतः करत नाही. तो ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून करवून घेतो. दौऱ्यावरच्या नाटक मंडळींचे उदाहरण घ्या. नटांची भाषणे प्रत्येक गावात तीच, पण पडदा ओढणारा माणूस त्या त्या नाट्यगृहाचा. त्याला मंडळींच्या खुणा कळल्या नाहीत, तर पाठांतर कितीही चोख असले तरी प्रयोग उभा राहत नाही.

वाइन नावाचे सॉफ्टवेअर हा खुणा ओळखणारा माणूस पुरवते. विंडोजमधल्या ज्या फंक्शन-संग्रहांना गेम हाक मारतो, त्याच नावाचे संग्रह वाइन हजर ठेवते आणि आलेली मागणी लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे पाठवते. नावाचा मद्याशी काही संबंध नाही. 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' या वाक्यातील आद्याक्षरांपासून ते जुळवले आहे. प्रोसेसरचीच नक्कल करणारा एम्युलेटर प्रत्येक आज्ञेपाशी वेळ घालवतो. वाइन आज्ञांना हात लावत नाही, केवळ मागण्यांचे भाषांतर करते.

हे काम १९९३ साली सुरू झाले, आणि १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार हे त्याचे सूत्रधार आहेत. १.० ही आवृत्ती यायला मात्र जून २००८ उजाडले. पंधरा वर्षे लागली याचे कारण आळस नव्हे. विंडोजची मूळ आज्ञावली गुप्त आहे, आणि ज्याने ती पाहिली आहे त्याचे लेखन वाइन प्रकल्प कायदेशीर खबरदारी म्हणून स्वीकारत नाही. मग विंडोज आत काय करते हे कळणार कसे? बंद पेटीचा अभ्यास करतात तसे. एक छोटी चाचणी लिहायची, ती खऱ्या विंडोजवर चालवून उत्तर नोंदवायचे आणि तीच वाइनवर चालवून ताळा पाहायचा. माहितीपुस्तिका एक सांगते आणि विंडोज दुसरेच करते असे आढळले, तर वाइनने प्रत्यक्ष वर्तनाची बाजू घ्यायची. कारण गेम त्या वर्तनावर बेतलेला असतो. अशा वेळी दोषसुद्धा हुबेहूब उतरवावा लागतो. आमच्या मते हे अस्सल प्रायोगिक विज्ञान आहे, फक्त त्याचा विषय निसर्ग नसून माणसाने केलेली वस्तू आहे. या कामाचे श्रेय देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

पुढची मोठी मजल मारली ती स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या पाठबळाने. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान उघडले, तेव्हा आपला व्यवसाय दुसऱ्याच्या अंगणात उभा आहे हे व्हॉल्व्हला जाणवले. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी स्टीम मशिन्स बाजारात आली, पण त्यांच्यावर चालतील असे गेम थोडे असल्याने ती मागे पडली. गेम लिनक्सकडे येईनात, तेव्हा लिनक्सनेच विंडोजची बोली बोलावी असे ठरले. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेले प्रोटॉन म्हणजे वाइन आणि त्याला दिलेली इतर भागांची जोड. हातात धरून खेळायचे स्टीम डेक हे यंत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये आले, ते याच पायावर.

चित्रांचा भाग सर्वांत अवघड होता. विंडोजचे बहुतेक गेम डायरेक्ट-थ्रीडी या पद्धतीने चित्रे मागतात. वाइन त्यांचे रूपांतर ओपनजीएल या जुन्या पद्धतीत करी आणि त्यात वेग हरवे. २०१६ मध्ये व्हल्कन ही ग्राफिक्स कार्डाच्या अधिक जवळ जाणारी पद्धत आली. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्ट-थ्रीडीच्या मागण्या व्हल्कनमध्ये उतरवतो, आणि पुष्कळ गेम विंडोजच्या जवळपास वेगाने धावू लागतात.

दुसरी अडचण वाट पाहण्याची. गेममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालतात आणि एकमेकांसाठी थांबतात. 'या पाचांपैकी कोणतेही एक झाले की मला उठव' किंवा 'पाचही झाल्यावर उठव' असे विंडोजमध्ये एकाच फंक्शनने सांगता येते. लिनक्समध्ये याला नेमका जोड नव्हता. अखेर मार्च २०२५ मधल्या लिनक्स ६.१४ च्या गाभ्यातच विंडोजच्या धर्तीची ही सोय एनटीसिंक या नावाने घालण्यात आली.

येथे आमचा पहिला आक्षेप येतो. दुभाष्याच्या सोयीसाठी यजमानाने आपले व्याकरण वाढवले. विंडोजपासून सुटण्याचा मार्ग विंडोजचीच रीत प्रमाण मानून आखला गेला आणि ती रीत ठरवण्याचा अधिकार मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. ती नवे काही आणील आणि वाइनने मागून धावत तिला गाठावे, असा हा क्रम आहे. स्टीमच्या २०२५ अखेरच्या पाहण्यांत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. एवढ्यांसाठी वेगळा गेम लिहिण्याची निर्मात्यांना निकड नव्हतीच. प्रोटॉनने उरलेले कारणही काढून घेतले. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. लिनक्समधले संग्रह बदलत राहिल्याने खास लिनक्ससाठी केलेले काही जुने गेम आज चालेनासे झाले आहेत, आणि त्यांचीच विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून सुरळीत चालते. स्थिर राहिलेली परकी रीत बदलत्या घरच्या रीतीपेक्षा उपयोगी ठरली, ही लिनक्सवाल्यांनी विचार करावा अशी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण तो वाइनवर नाही. 'चालते' या शब्दावर आहे. अनेकांनी मिळून इंटरनेटवर खेळायच्या गेममध्ये लबाडी पकडणारा एक पहारेकरी प्रोग्रॅम असतो. काही पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून बसतात. व्हॅलोरंट या गेमचा व्हॅनगार्ड त्यांपैकी एक. वाइन गाभ्याबाहेरचे थर पुरवते, गाभा पुरवत नाही; म्हणून असे गेम लिनक्सवर चालत नाहीत. ही तांत्रिक मर्यादा झाली. परंतु ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रचलित पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडले आणि कडी मात्र गेमच्या निर्मात्याच्या हाती ठेवली. एपेक्स लेजेंड्स हा गेम २०२२ पासून स्टीम डेकवर चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या निर्मात्यांनी लिनक्सची वाट बंद केल्याचे जाहीर केले. भाषांतर आदल्या दिवशीइतकेच अचूक होते, यंत्र तेच होते. काढून घेतली गेली ती परवानगी.

निर्मात्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. लिनक्सचा गाभा वापरणारा स्वतः बदलू शकतो, त्यामुळे पहारेकऱ्याला जे दिसते ते खरेच असेल याची खात्री देता येत नाही; लबाडी करणाऱ्यांना ही वाट सापडली होती, असे त्यांचे म्हणणे. पण या युक्तिवादाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आपले यंत्र आपल्याला बदलता येते, हा लिनक्सचा सर्वांत मोठा गुण येथे दोष म्हणून मोजला गेला आहे. प्रश्न खेळाचा राहिला नाही. संगणकाचा शेवटचा अधिकारी तो विकत घेणारा की त्यावर सॉफ्टवेअर चालवू देणारा, असा तो झाला आहे. याचे उत्तर भाषांतर सुधारून मिळणार नाही.

म्हणून 'आता गेमही चालतात' हे विधान आम्ही असे दुरुस्त करू: एकट्याने खेळायचे बहुतेक गेम लिनक्सवर उत्तम चालतात, अनेकांनी मिळून खेळायच्यांपैकी काही चालतात, काही चालत नाहीत, आणि जे चालतात ते उद्या चालतीलच असे नाही. व्हॉल्व्ह स्टीम डेकसाठी गेमना 'पडताळलेला', 'खेळता येण्याजोगा', 'न चालणारा' असे शिक्के देते. ते उपयोगी आहेत. पण शिक्क्याचा अर्थ त्या दिवशी, त्या यंत्रावर, त्या आवृत्तीसह एवढाच घ्यावा. तापमान नोंदवताना आपण वेळ आणि स्थळ लिहितो, तसेच हे आहे.

ज्या शाळांत लिनक्सचे संगणक आहेत, तेथील शिक्षकांना वरच्या वर्गांकडून एक प्रकल्प करवून घेता येईल. विंडोजचे मोफत व खुले असे पाच प्रोग्रॅम किंवा साधे गेम निवडावेत आणि वाइनवर चालवून पाहावेत. तारीख, वाइनची आवृत्ती, संगणकाचा तपशील, काय चालले आणि काय अडले, हे तक्त्यात लिहावे. जे अडले त्यापुढे आणखी एक रकाना ठेवावा: अडथळा तंत्राचा की परवानगीचा? हा शेवटचा रकाना भरताना वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.