पाचाची रेघ

विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या ईमेलमध्ये मूळ संदेश पाहण्याचा पर्याय मेनूत कुठेतरी खोल दडलेला असतो. तो उघडला की एरवी न दिसणाऱ्या हेडरच्या ओळी समोर येतात. पत्र कोणत्या सर्व्हरवरून निघालं, वाटेत कुठे कुठे थांबलं, कुणी काय तपासलं, हे सगळं तिथे असतं. त्यात 'एक्स-स्पॅम-स्टेटस' ही ओळ सापडली तर मी ती शेवटपर्यंत वाचतो. सॉफ्टवेअरने माणसासाठी लिहिलेल्या मजकुरात इतकं नेटकं आणि इतकं सचोटीचं लेखन मला क्वचितच भेटलं आहे.

ही ओळ लिहितो स्पॅमअसॅसिन. जस्टिन मेसन या आयरिश प्रोग्रामरने एप्रिल २००१ मध्ये हा फिल्टर सर्वांसाठी खुला केला. त्याआधी मार्क जेफ्टोविक यांनी लिहिलेली एक छोटी पर्ल स्क्रिप्ट मेसन वापरत आणि सुधारत होता. २००४ पासून हा प्रकल्प अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे. संस्थेच्या मेल-सर्व्हरवर पत्र येतं तेव्हा पहिली चाळणी दारातच लागते. स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत पाठवणाऱ्या यंत्राचा पत्ता असेल, तर सर्व्हर पत्र घेतच नाही. त्यातून आत आलेलं पत्र स्पॅमअसॅसिनपुढे येतं. तो पत्र अडवत नाही, पुसतही नाही. शेकडो नियम लावून वाचतो, प्रत्येक नियमाचे गुण मांडतो आणि बेरीज हेडरमध्ये लिहून पत्र पुढे सोडतो.

त्या ओळीची रचना पाहा. आधी निकाल: होय किंवा नाही. मग मिळालेले गुण, मग लागणारे गुण, आणि मग कोणकोणते नियम लागू पडले त्यांची नावं. मुळातली मर्यादा ५.० असते. समजा, एका पत्राला ५.३ गुण पडले. त्यात शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढणाऱ्या 'बेझ ९९' या नियमाचे ३.५ आणि विषयाची ओळ नसल्याचे १.८. (आवृत्तीनुसार हे आकडे थोडे बदलतात.) दोन्हींपैकी एकही कारण एकट्याने पत्राला पाचाच्या रेघेपलीकडे नेऊ शकत नाही. विषय लिहायला विसरणारे सहकारी प्रत्येक कार्यालयात असतात, आणि जाहिरातीसारखी भाषा खऱ्या निमंत्रणातही येते. बहुतेक नियमांचे गुण मुद्दाम पाचाच्या खाली ठेवलेले आहेत. एका खुणेवरून कुणालाही स्पॅम ठरवायचं नाही, हा संयम त्या आकड्यांतच मुरलेला आहे.

त्याच ओळीत बहुधा 'एचटीएमएल मेसेज' हेही नाव असतं आणि त्याचे गुण असतात ०.००१. हा आकडा मला सगळ्यांत जास्त आवडतो. एचटीएमएलमध्ये लिहिलेलं पत्र असणं हा आज गुन्हा नाही. मग शून्य का नाही? कारण शून्य गुण दिले की स्पॅमअसॅसिन तो नियम चालवतच नाही आणि त्याची नोंदही होत नाही. नोंद तर हवी, पण निकालावर तिचं वजन पडायला नको, म्हणून हा हजारावा भाग. पाहिलेलं सगळं सांगायचं आणि त्याला जेवढं मोल आहे तेवढंच द्यायचं, अशी शिस्त किती अहवालांत आढळते?

उणे गुण वाचण्यात तर आणखी रस आहे. पाठवणाऱ्या डोमेनने स्वतःच्या सर्व्हरची जी यादी जाहीर केलेली असते, तिच्याशी पत्र जुळलं की 'एसपीएफ पास' लागतो. त्याची बक्षिसी फक्त उणे ०.००१. पहिल्यांदा वाचताना ती कंजुषी वाटते. पण स्पॅम पाठवणाराही स्वतःचं डोमेन विकत घेऊन अशी यादी जाहीर करू शकतो. ओळख पटली म्हणजे हेतू चांगला ठरला, असं होत नाही. डीकेआयएम या डिजिटल सहीचा हिशेब याहून सुरेख आहे. पत्रावर सही असली की अधिक ०.१, ती सही खरी निघाली की उणे ०.१, आणि ती पत्र लिहिणाऱ्याच्याच डोमेनची निघाली की आणखी उणे ०.१. म्हणजे सही करून ती जुळलीच नाही, तर तेवढा एक दशांश अंगावर राहतो. तीन छोट्या नियमांत एक पूर्ण विचार बसवला आहे.

असे काही आकडे हाताने ठरवलेले असले, तरी बाकी बहुतेक नियमांचे आकडे कुणाच्या मर्जीने ठरलेले नाहीत. स्वयंसेवक आपापली पत्रं हाताने चांगली आणि स्पॅम अशी निवडून देत. त्यांवर आधी जनुकीय अल्गोरिदम आणि ३.० आवृत्तीपासून पर्सेप्ट्रॉन चालवून गुण बसवले जात. हे करताना चांगलं पत्र चुकून स्पॅम ठरणं हा दोष, स्पॅम निसटण्याच्या दोषापेक्षा कितीतरी जड धरलेला होता. याच काळात, ऑगस्ट २००२ मध्ये, पॉल ग्रॅहम यांनी स्पॅमविरोधी योजनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. शब्द चांगल्या पत्रांत किती वेळा येतो आणि स्पॅममध्ये किती वेळा, यावरून शक्यता काढायची ही त्यांची रीत. तिच्यातही चांगल्या पत्रांतली मोजणी त्यांनी मुद्दाम दुप्पट धरली होती. हरवलेल्या पत्राची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते, ही जाणीव दोन्हीकडे सारखी आहे.

शब्दांवरून शक्यता काढणारा हा बेझ विभाग स्पॅमअसॅसिनमध्ये २००३ साली, २.५० आवृत्तीत आला. किमान २०० चांगली आणि २०० स्पॅम पत्रं शिकून होईपर्यंत तो तोंड उघडत नाही. तो आपणहूनही शिकतो, पण फक्त टोकाच्या पत्रांवरून: ज्यांना १२ किंवा जास्त गुण आहेत, किंवा ज्यांना ०.१ पेक्षाही कमी. मधली, संशयाची पत्रं तो धडा म्हणून घेत नाही. आणि हे गुण मोजताना स्वतः बेझने दिलेले गुण वगळले जातात. आपलंच मत पुरावा म्हणून पुन्हा आपल्यापुढे येऊ नये, याची ही तजवीज आहे. मतं बनवणाऱ्या कुठल्याही यंत्रणेत ती असावी, असं मला मनापासून वाटतं.

संस्थेत हा विभाग कसा लावला आहे यावर वापरणाऱ्यांचा अनुभव ठरतो. सगळ्यांचं मिळून एकच शब्दभांडार ठेवलं तर ते लवकर शिकतं, पण औषधशास्त्र विभागाची रोजची भाषा आणि औषधं विकणाऱ्या स्पॅमची भाषा एकाच तराजूत येते. प्रत्येकाचं वेगळं भांडार ठेवलं तर न्याय जास्त होतो, मात्र प्रत्येकाला थोडे कष्ट पडतात: निसटलेलं स्पॅम एका फोल्डरमध्ये टाकायचं, अडकलेलं चांगलं पत्र दुसऱ्यात. माझं मत दुसऱ्या रीतीच्या बाजूचं आहे.

नियमांना जोडलेली वर्णनंही वाचण्यासारखी आहेत. बहुतेक कोरडी, अर्ध्या वाक्याची. पण 'प्रिय मित्र' अशा मायन्याला गुण लावणाऱ्या नियमापाशी लिहिणाऱ्याने शेरा मारला आहे, की हे काही फारसं प्रेमाचं नाही. इतक्या कोरड्या यादीत अचानक माणसाचा आवाज ऐकू येतो.

स्पॅम ठरलेलं पत्र ज्या रूपात हातात येतं, त्यात तर वाचणाऱ्याची किती काळजी घेतली आहे! मूळ पत्र जोडपत्र म्हणून आत बंद असतं, त्यामुळे ते आपण होऊन उघडेपर्यंत त्यातली चित्रं किंवा दुवे जागे होत नाहीत. वर एक छोटा अहवाल असतो. अमुक यंत्रावरच्या सॉफ्टवेअरला हे पत्र स्पॅम असण्याची शक्यता वाटते, मूळ पत्र सोबत जोडलं आहे, शंका असेल तर त्या यंत्रणेच्या प्रशासकाला विचारा, असं तो सांगतो. खाली तक्ता असतो: गुण, नियमाचं नाव, वर्णन. दहावीच्या गुणपत्रिकेवर विषयवार गुण असावेत तसे. आरोप ठाम नाही, कारणं पूर्ण आहेत, आणि दाद कुठे मागायची तेही सांगितलेलं आहे.

'एक्स-स्पॅम-लेव्हल' ही शेजारची ओळ याहून साधी. जितके पूर्ण गुण तितक्या चांदण्या. ज्याला आकड्यांची तुलना करणारा नियम लिहिता येत नाही, त्यालाही 'या ओळीत सलग तीन चांदण्या असतील तर पत्र बाजूला ठेव' एवढं आपल्या ईमेलला सांगता येतं. संस्थेची मर्यादा पाचाची, पण कुणाला तिनाची हवी असेल, कुणाला आठाची. प्रशासकाला न विचारता प्रत्येकाने आपली रेघ आपण ओढावी, ही सोय एका चांदणीच्या खुणेने केली.

या मोकळेपणाची कसोटी १ जानेवारी २०१० रोजी लागली. भविष्यातली तारीख घातलेली पत्रं पकडणारा एक नियम होता. त्याच्या लेखी २०१० आणि त्यापुढचं कुठलंही साल फार दूरचं होतं. वर्ष बदललं आणि अगदी खऱ्या तारखेच्या पत्रांनाही तीनहून जास्त गुण पडू लागले. एरवी दोन-अडीच गुणांवर सुखाने जाणारी पत्रं रेघ ओलांडू लागली. दुरुस्ती विकासातल्या आवृत्तीत आधीच झाली होती, पण वापरातल्या सर्व्हरांपर्यंत पोचली नव्हती. हा दोष गंभीर होता. पण प्रत्येक पत्राच्या हेडरमध्ये त्या नियमाचं नाव छापलेलं होतं. दहा पत्रांची ती ओळ वाचणाऱ्या कुणालाही चूक कुठे आहे हे दिसत होतं, आणि सेटिंगमध्ये एक ओळ घालून तो नियम शून्यावर आणता येत होता. त्याच दिवशी प्रकल्पाने दुरुस्त नियम पाठवले.

याच्या तुलनेत मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत पत्राला उणे १ ते ९ या श्रेणीतला एक आकडा मिळतो, सोबत संक्षिप्त खुणांची लांब ओळ. अडवण्याचं काम तीही चांगलं करते, कदाचित जास्त चांगलं. एकाच माणसासाठी बेतलेलं, खऱ्या सहीचं, नीट भाषेतलं फसवं पत्र स्पॅमअसॅसिनकडून सहज सुटतं, आणि त्या बाबतीत मोठ्या कंपन्यांकडे जगभरच्या पत्रव्यवहाराचं बळ आहे. पण पत्राचे गुण कुठून आले हे साध्या वाचकाला त्या आकड्यावरून कळत नाही.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांचा संबंध इथे थेट येतो. स्पॅमअसॅसिनमध्ये टेक्स्टकॅट नावाचा भाषा ओळखणारा जोडभाग आहे. तो मुळात बंद असतो. एखाद्या संस्थेने तो सुरू करून चालणाऱ्या भाषांत फक्त इंग्रजी लिहिली, तर पुण्याहून किंवा पणजीहून आलेलं निर्दोष मराठी पत्रही नकोशा भाषेतलं म्हणून गुण घेऊन येतं. ते त्या ओळीत नियमाच्या नावासकट लिहिलेलं असतं. ती ओळ तशीच्या तशी प्रशासकाला पाठवून मागणी करता येते. चालणाऱ्या भाषांच्या यादीत मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं आधीपासून ठरलेली आहेत. इंग्रजीशेजारी ती लिहायला त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.