फाइली हलल्या, पत्ते राहिले

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर कशी न्यावी, हे सांगणाऱ्या तीन मार्गदर्शिका सध्या माझ्यासमोर आहेत. शाळेतले जुने, रखडत चालणारे संगणक एसएसडी बसवताच चटकन सुरू होऊ लागतात, म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे. तिन्ही पुस्तिकांत चित्रे भरपूर, भाषाही सोपी. पण नववीतला कोणताही विद्यार्थी विचारील असा एक प्रश्न तिन्हींनी टाळला आहे. सगळ्या फाइली निवडून नव्या डिस्कवर कॉपी केल्या, तर काम का भागत नाही? पुस्तक या कपाटातून त्या कपाटात ठेवले तरी वाचता येतेच की!

'तसे चालत नाही, क्लोनिंगचे सॉफ्टवेअर वापरा,' एवढेच एकीचे म्हणणे. याला उत्तर म्हणत नाहीत, दटावणी म्हणतात.

खरे उत्तर मनोरंजक आहे. संगणकाला वीज मिळते त्या क्षणी 'फाइल' ही कल्पनाच त्याला ठाऊक नसते. पीसीवरील जुन्या पद्धतीत तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा, म्हणजे पहिला सेक्टर, डोळे मिटून वाचतो. त्यात ४४६ बाइटमध्ये आज्ञा असतात, ६४ बाइटमध्ये डिस्कच्या विभागांचा तक्ता असतो आणि उरलेल्या दोन बाइटमध्ये ओळखीची खूण असते. ही मांडणी १९८३ मधील पीसी डॉस २.० पासून रूढ झाली. हा सेक्टर कोणत्याच फाइलचा भाग नसल्याने कॉपी करताना तो मागेच राहतो. डॉस वापरलेल्या शिक्षकांना 'सिस' ही आज्ञा आठवत असेल. साधी 'कॉपी' हाताशी असताना ही वेगळी आज्ञा लागे, ती याचसाठी. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर प्रणालीच्या दोन फाइली डिस्कवर ठरावीक जागीच असाव्या लागत, शिवाय त्या लपवलेल्या असत. आजच्या यूईएफआय पद्धतीत सुरुवातीची आज्ञावली एका छोट्या स्वतंत्र विभागात असते. विंडोज त्या विभागाला अक्षर देत नाही, म्हणून तो आपल्या नजरेलाही पडत नाही.

म्हणजे आपले कपाटही चुकलेच. या ग्रंथालयाच्या दारावरच 'अमुक कपाटातील तमुक पुस्तक आधी उघडा' अशी पाटी आहे, आणि पुस्तके हलवली तरी पाटी बदलत नाही.

दुसरी अडचण 'सी' या अक्षराची. १९८१ च्या आयबीएम पीसीत 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती. १९८३ मध्ये हार्ड डिस्क आली, तिच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी गेली, अक्षर मात्र चिकटून राहिले. विंडोजमधील बहुतेक प्रोग्रॅम बसवले जाताना 'सी'पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता रजिस्ट्रीत लिहून ठेवतात. कोणत्या डिस्कला कोणते अक्षर द्यायचे याचा तक्ताही रजिस्ट्रीत असतो आणि तो डिस्कच्या ओळखक्रमांकावर आधारलेला असतो. त्यात भर म्हणजे विंडोज चालू असताना रजिस्ट्रीसारख्या फाइलींना कुलूप असते आणि प्रणालीतील पुष्कळ फाइली एकाच मजकुराला दोन नावे दिलेल्या असतात. साधी कॉपी केली तर एकाच्या दोन होतात आणि जागा उगाच वाढते.

यात मार्गदर्शिकांचा दोष नाही, दोष मुळातल्या रचनेचा आहे. वापरणाऱ्यांच्या फोल्डरांची मूळ जागाच दुसऱ्या ड्राइव्हवर ठरवून दिली तर पुढे विंडोजची नवी आवृत्ती चढवता येत नाही, असे मायक्रोसॉफ्टचीच कागदपत्रे सांगतात. लिनक्समध्ये अक्षरांचे बंधन नाही. गुणधर्म सांभाळून फाइली कॉपी करणे, एका तक्त्यात नव्या विभागाचा क्रमांक लिहिणे आणि सुरुवात करून देणारा ग्रब पुन्हा बसवणे, एवढ्यावर भागते. मात्र 'एवढ्यावर' म्हणताना मीही थोडा अडखळतो, कारण त्यातली एक ओळ चुकली तर तेथेही काळा पडदाच दिसतो.

पुस्तिकांवरचा माझा खरा राग वेगळाच आहे, आणि त्यात माझा स्वतःचा गाढवपणाही मिसळलेला आहे. यांतील एका पुस्तिकेप्रमाणे मी शाळेतील एका संगणकाचे क्लोनिंग केले. 'काम यशस्वी' अशी अक्षरे उमटली, संगणक सुरू झाला आणि मी समाधानाने घरी गेलो. दोन्ही डिस्क जोडलेल्याच होत्या. कोणत्या डिस्कपासून सुरुवात करायची हा क्रम संगणकात जुनाच होता. त्यामुळे तो पुढे दहा दिवस जुन्याच डिस्कवर चालत राहिला आणि नववीच्या मुलांचे प्रकल्पही तिच्यावरच साठत गेले. मग 'आता ही रिकामीच' असे समजून मी जुनी डिस्क फॉरमॅट केली. नवी डिस्क झकास सुरू झाली, पण तीत क्लोनिंगच्या दिवसापर्यंतचेच सारे होते. दोन मुलींनी गावातल्या विहिरींची पाणीपातळी रोज मोजून भरलेला तक्ता गेला. वही होती म्हणून निम्मा परत मिळाला.

तपासणी साधी होती. काम झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढायची आणि मगच पहिल्यांदा सुरू करायचा. सुरू झाला तर जुनी डिस्क महिनाभर तशीच कपाटात. एका पुस्तिकेत कळी दाबण्याची चौदा चित्रे आहेत, पण या दोन वाक्यांना जागा नाही. पुस्तिकेच्या शेवटी 'टिपणे' म्हणून एक कोरे पान सोडले आहे. तेथे मी ती लिहून ठेवली आहेत, आणि पुस्तिका आता त्या संगणकाच्या खणातच असते.